ब्रॉडकास्ट केलं की नुसतं पाठवलं?

सप्रेम नमस्कार. मी कळव्याला खारेगावात राहते आणि महाप्याच्या एका कंपनीत ॲडमिनचं काम बघते. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी जे काही आलं ते नोकरीत आलं. मागच्या महिन्यात स्टाफ बसच्या बदललेल्या वेळा सगळ्यांना मेल केल्या आणि साहेबांना कळवताना लिहिलं, 'आय हॅव ब्रॉडकास्टेड द रिवाइज्ड बस टायमिंग्ज टु ऑल स्टाफ.' एका नव्या मुलानं सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकलं, की ब्रॉडकास्टेड असा शब्दच इंग्रजीत नाही. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ते निवळतंय तोच सोसायटीत दुसरं निघालं. मी सेक्रेटरी आहे. मेंटेनन्स थकलेल्यांची यादी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यातले एक काका आमच्याच मजल्यावरचे. जिन्यात गाठून म्हणाले, 'तू माझं नाव ब्रॉडकास्ट केलंस.' मी म्हटलं, काका, ग्रुप वेगळा आणि ब्रॉडकास्ट वेगळं, मी ब्रॉडकास्ट केलेलंच नाही. ते आणखी भडकले. चेअरमन म्हणतात माफी माग आणि विषय संपव. माझं नक्की काय चुकलं? आणि हा शब्द वापरायचा तरी कसा? जाता जाता, धाकटी दहावीला आहे, सेमी-इंग्लिशला. ती विचारते, स्कॅटर आणि डिस्पर्स एकच ना?
– व. क., कळवा

ताई, आधी त्या मुलाचं बघू. ते लवकर मिटण्यासारखं आहे.

'ब्रॉडकास्टेड' हा शब्द इंग्रजीत आहे. चांगल्या जाड कोशांत भूतकाळाची दोन्ही रूपं दिलेली असतात, आधी 'ब्रॉडकास्ट' आणि मग 'ब्रॉडकास्टेड'. पहिलं जास्त रुळलेलं, दुसरं कमी, पण चालणारं. या शब्दातला 'कास्ट' हा पुट, कट, हिट यांच्या पंगतीत बसणारा. आज पुट, काल पुट, हॅव पुट. त्याच चालीवर आज ब्रॉडकास्ट, काल ब्रॉडकास्ट, हॅव ब्रॉडकास्ट. हवामान खात्याचं 'फोरकास्ट' तसंच चालतं. पण पोटात 'कास्ट' आहे याची आठवण बोलणाऱ्याला राहत नाही आणि तो शेवटी 'एड' लावून मोकळा होतो. रेडिओ आल्यापासून लोक असं करत आलेत, म्हणून कोशांनीही ते नोंदवून घेतलं. 'पॉडकास्ट' हा तर 2004 सालचा शब्द. त्याला 'एड' लावलेलं कुणाच्या डोळ्यांत खुपतही नाही.

तेव्हा 'असा शब्दच नाही' हे त्याचं म्हणणं चूक. 'ऑफिसच्या मेलमध्ये नुसतं ब्रॉडकास्ट बरं दिसतं' एवढंच म्हणाला असता तर बरोबर होता, आणि ते तुमच्या टेबलाशी येऊन म्हणाला असता तर शहाणाही ठरला असता. चारचौघांत दुसऱ्याचं इंग्रजी काढायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा पार चुराडा झाला तरी कुणी ढुंकून बघत नाही, इंग्रजीत एक 'एड' जास्त पडला की माणसाची शाळा निघते. आता कोशाच्या पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवावा असं तुमच्या मनात आलं असेल. पाठवू नका. एक तर अशा भांडणात जिंकलेला माणूसही हास्यास्पद दिसतो. आणि दुसरं म्हणजे तुमच्या वाक्यात 'एड'पेक्षा मोठी गडबड आहे, जी त्या मुलाच्याही नजरेतून सुटली. बसच्या वेळा मुळात ब्रॉडकास्ट होत नाहीत.

का होत नाहीत, ते बघायला शेतावर जावं लागेल.

रेडिओचा पत्ताही नव्हता तेव्हापासून, म्हणजे 18व्या शतकापासून, हा शब्द इंग्लंडच्या शेतीत वापरात होता. ब्रॉड म्हणजे ऐसपैस, रुंद. कास्ट म्हणजे फेकलेलं. बियाण्याची झोळी एका बगलेत अडकवायची, दुसऱ्या हातानं मूठ भरायची आणि पावलागणिक हात फिरवत शेतभर बी भिरकावायचं, ती पेरणी 'ब्रॉडकास्ट'. पद्धत हजारो वर्षांची, पण तिला वेगळं नाव लागलं ते ओळीत पेरणाऱ्या यंत्रांचा बोलबाला झाल्यावर. जेथ्रो टल नावाच्या इंग्रजानं 1701 च्या सुमारास बी ओळीत सोडणारं यंत्र बनवलं. पुढे शेतीवर लिहिणाऱ्यांना 'यंत्रानं ओळीत' आणि 'हातानं फेकून' असा फरक सांगायची गरज पडायला लागली. आपल्या देशावर तिफण आणि पाभर होतीच, त्यामुळे मराठी शेतकऱ्याला हा फरक कुणी शिकवावा लागला नाही.

शब्दही आपल्याकडे तयार आहेत. बी एकेक करून बोटानं किंवा काठीनं भोक पाडून घालायचं ते टोकणं. तिफणीच्या नळ्यांतून ओळीत सोडायचं ते पेरणं. आणि मुठीनं उधळून द्यायचं ते फोकणं. कृषी खात्याच्या पत्रकात 'बी फोकून पेरावे', 'खत फोकून द्यावे' अशी वाक्यं हमखास सापडतील. ठाणे-रायगडच्या खारपट्ट्यात रहू पेरतात, म्हणजे भात भिजवून त्याला मोड आणायचे आणि ते मोडाचं बी चिखलात फेकायचं. लावणीची भानगड नाही. तुमच्या सासरकडचं कुणी शहापूर-मुरबाडकडचं असेल तर राबावर, म्हणजे पालापाचोळा भाजून तयार केलेल्या वाफ्यावर, भाताचं बी कसं टाकतात ते तुम्ही पाहिलंही असेल. तिथे पुढे आवण, म्हणजे भाताची रोपं, काढून लावणी होते, पण पहिली क्रिया तीच, मूठ भरून फेकायची.

फोकण्यात एक गोष्ट असते जी टोकण्यात नसते. फेकणं तुमच्या हातात असतं, पडणं नसतं. काही दाणे वाफ्यात पडतात, काही बांधावर जातात, काही चिमण्या नेतात. कुठला दाणा कुठे रुजला याचा हिशोब फेकणाऱ्यानं ठेवायचा नसतो. 'ब्रॉडकास्ट' शब्दाचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे, आणि मी पुढे जे काही सांगणार आहे ते इथूनच निघतं: घेणारा कोण, हे माहीत नसतानाही सोडून दिलेलं जे असतं ते ब्रॉडकास्ट.

रेडिओवाल्यांनी नेमका हाच शब्द का उचलला, तेही यावरून कळतं. बिनतारी संदेश सुरुवातीला तारेसारखाच वापरायचा बेत होता. एका जहाजावरून किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून दुसऱ्या जहाजावर, ठरावीक माणसानं ठरावीक माणसाला. पण हवेत सोडलेली लाट कुणाचंही यंत्र पकडायचं, आणि हा त्या तंत्राचा मोठा दोष मानला जायचा. गुप्तता राहत नाही म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की दोष कसला, हाच तर धंदा आहे! 2 नोव्हेंबर 1920 ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल असे हवेत सोडले, ज्याच्याकडे यंत्र असेल त्यानं ऐकावेत. 1922 साली लंडनला बीबीसी निघाली, आणि तिच्या नावातला मधला 'बी' म्हणजे हाच आपला शब्द. शेतातली मूठ मायक्रोफोनच्या हाती गेली.

मुंबईही फार मागे नव्हती. 1923 मध्ये इथल्या रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी कार्यक्रम सोडायला सुरुवात केली होती, आणि 23 जुलै 1927 ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र रीतसर सुरू झालं. 23 जुलै हा आजही राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळतात. ऑल इंडिया रेडिओ हे नाव 1936 चं. मराठीनं या नव्या गोष्टीसाठी नभोवाणी, ध्वनिक्षेपण, प्रक्षेपण, प्रसारण असे बरेच शब्द करून पाहिले. पुढे एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्रानं उचलला की ते 'सहक्षेपण' झालं. ज्यांच्या घरी सकाळी आकाशवाणी लागायची त्यांना हा शब्द कानात बसल्यासारखा आठवेल. यातल्या 'क्षेपण'मध्ये फेकणं सरळ दिसतं, 'प्रसारण'मध्ये ते पसरून गेलं. टिकलं मात्र प्रसारणच. क्रिकेटचं तेवढं अजून थेट प्रक्षेपण होतं.

आता तुमच्या बसच्या वेळा. तुम्ही मेल कुणाला केला? कंपनीच्या स्टाफला. यादी ठरलेली, पत्ते ठरलेले, एकालाही मेल गेला नाही तर तो उद्या ठाणे स्टेशनला उभा राहून तुमच्या नावानं शंख करणार. ही फोकणी कुठून झाली? ही तिफण आहे. इंग्रजीत यासाठी 'सर्क्युलेट' आहे. आणि गंमत बघा, सरकारी मराठीनं सर्क्युलरला 'परिपत्रक' केलं तेव्हा तो 'परि' अगदी चपखल पडला. सगळ्यांकडून फिरून येणारं ते परिपत्रक. पूर्वी ऑफिसात शिपाई एकच कागद घेऊन टेबलाटेबलाशी जायचा आणि प्रत्येकाची सही घेऊन तो कागद परत साहेबांकडे यायचा. आता कागद गेला, फिरणं गेलं, क्रियापद उरलं.

पण माझं ऐकाल तर 'सर्क्युलेट'ही नको. 'आय हॅव सेंट द रिवाइज्ड बस टायमिंग्ज टु ऑल स्टाफ.' झालं. तुमच्या हातात 'सेंट' होता आणि तुम्ही 'ब्रॉडकास्टेड' काढलात, ते का, हे मी सांगायला नको. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या सगळ्यांना साधा शब्द लिहिला की कमी पडल्यासारखं वाटतं. ज्यांचं इंग्रजी खरंच चांगलं असतं ते मेलमध्ये सेंट, टोल्ड, आस्क्ड असलेच शब्द लिहितात. पुढचा मेल असा साधा जाऊ द्या. त्या मुलाला तेवढं उत्तर पुरे, आणि त्याला ते कळलं नाही तरी बिघडत नाही.

या घराण्यातले आणखी एक-दोन शब्द तुमच्या टेबलावरून जात असतील, म्हणून थोडं सांगतो.

'ट्रान्समिट' म्हणजे इथून उचललं, तिथे पोचवलं, मध्ये सांडलं नाही. तुम्ही रोज ठाणे-बेलापूर पट्ट्यातून जाता, विजेचे ते धिप्पाड मनोरे बघता. कळव्याच्या 400 केव्हीच्या उपकेंद्राशी जोडलेल्या त्या वाहिन्या ज्या कंपनीच्या, तिचं नाव महापारेषण. 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले तेव्हा ट्रान्समिशनला 'पारेषण' आणि घरोघर वीज देण्याला 'वितरण' असे दोन वेगळे शब्द पाटीवर आले, आणि ते अर्थाला धरून आले. पारेषणात वीज मोठ्या दाबानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, दाब मोठा ठेवल्यानं वाटेत गळती कमी होते; तिथून पुढे वाटप. ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे, तिथे कुणाला किती हे पाहिलं जातं. या सगळ्यात फेकणं कुठेच नाही. एकेक मेगावॉटचा हिशोब. रोगाच्या बाबतीतही तसंच: ॲनोफिलिस डास मलेरिया ट्रान्समिट करतो, या रक्तातून त्या रक्तात. तो मलेरिया ब्रॉडकास्ट करायला लागला तर कठीण आहे. रेडिओच्या मनोऱ्याला मात्र ट्रान्समीटर म्हणतात, कारण तो स्टुडिओतला आवाज लाटेवर चढवून रवाना करतो; ती लाट घराघरांत कुणी घेतली याच्याशी त्या यंत्राला कर्तव्य नसतं. एकाच कार्यक्रमाचं यंत्राच्या बाजूनं ट्रान्समिशन आणि श्रोत्यांच्या बाजूनं ब्रॉडकास्ट.

'डिसेमिनेट' हा सरकारी अहवालांचा लाडका शब्द. 'डिसेमिनेशन ऑफ इन्फर्मेशन' वाचलं की समजावं, पुढे बजेट आहे. त्याच्याही पोटात बीच आहे, लॅटिनमधलं. 'सेमिनार' त्याचा सख्खा भाऊ. त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका. वाशीच्या हॉटेलात एसीत बसून ऐकलेली भाषणं रोपवाटिका कशी म्हणावी, हा प्रश्न वेगळा. फोकणी आणि डिसेमिनेशन यात फरक हेतूचा. माहिती ज्यांच्यापर्यंत पोचायला हवी त्यांच्यापर्यंत ती मुद्दाम, टिकून, पुन:पुन्हा नेणं म्हणजे डिसेमिनेट. क्षयरोगाच्या उपचारांची माहिती, भाताच्या नव्या वाणाची माहिती. मराठीत 'प्रसार' म्हणा. एखाद्या संस्थेनं निवेदन काढलं की आपले पत्रकार 'पत्रक प्रसृत केले' लिहितात, त्यातही हाच सूर. तुमच्या बसच्या वेळांना एवढा मोठा फेटा नको.

आता सोसायटी. इथे मामला व्याकरणाचा नाही, म्हणून जरा सावकाश.

व्हॉट्सॲपच्या दृष्टीनं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तिथे ग्रुप वेगळा, ब्रॉडकास्ट लिस्ट वेगळी. लिस्टमध्ये 256 जण घालता येतात. प्रत्येकाला निरोप जातो तो तुमच्याकडून एकट्याला आल्यासारखा, आणि दुसऱ्या कुणाला गेलाय हे त्याला दिसत नाही. त्याचं उत्तर फक्त तुम्हाला येतं. शिवाय ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो निरोप जातच नाही. म्हणजे नाव ब्रॉडकास्टचं आणि काम टोकण्याचं, एकेक दाणा एकेका भोकात! खरं ब्रॉडकास्ट फोनवर बघायचं तर 2023 आठवा. एक दिवस सगळ्यांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते, पडद्यावर इशाऱ्याची चौकट आली होती, आणि खाली लिहिलं होतं की ही चाचणी आहे, काही करू नका. लोकलच्या डब्यात लोक घाबरून एकमेकांकडे बघत होते. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी. दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं मिळून केलेली. तिला कुणाचा नंबर लागत नाही. टॉवरच्या टापूत जेवढे फोन असतील तेवढ्यांवर ती येते. तुम्ही पनवेलहून पाहुणे म्हणून कळव्याला आला असाल तरी तुमचा फोन वाजणार, आणि खारेगावकर त्या दिवशी गावाला गेला असेल तर इथला इशारा त्याला मिळणार नाही. ही खरी फोकणी.

पण ताई, काका व्हॉट्सॲपच्या बटणाबद्दल बोलतच नव्हते. इंग्रजीत 'डोन्ट ब्रॉडकास्ट इट' म्हणतात ते आपल्या 'गावभर करू नकोस' या अर्थी. बोभाटा, डांगोरा, दवंडी, चव्हाटा. या बाबतीत मराठी कधी गरीब नव्हती. काकांना म्हणायचं होतं, 'माझी अडचण चव्हाट्यावर आणलीस.' ते मराठीत म्हणणं त्यांना जड गेलं असेल. लाजेची गोष्ट इंग्रजीत बोलायची आपल्याला सवय आहे, थकबाकीचं 'ड्यूज' होतं आणि पगार गेला की 'बिटवीन जॉब्ज' होतो. आणि तुम्ही त्यांना व्हॉट्सॲपची व्याख्या सांगितलीत. भडकणारच.

त्यांचा शब्द खोटा होता का, तर तोही नव्हता. मघाचं लावून बघा, घेणारा कोण ते माहीत होतं का? तुम्ही म्हणाल, हो, ग्रुपमध्ये सोसायटीचेच लोक आहेत. पण ग्रुपवरचा निरोप ग्रुपवर राहतो का? भाडेकरू त्यात आहेत, फ्लॅट विकून गेलेले दोघेतिघे अजून बाहेर पडलेले नसतात, कुणाचा फोन नातवाच्या हातात असतो, आणि स्क्रीनशॉट काढायला बोटं दोनच लागतात. बांधावर किती दाणे पडले ते तुम्हाला कळणारही नाही. कॉपीराइट कायद्यातली, 1957 च्या, ब्रॉडकास्टची व्याख्या 'जनतेपर्यंत पोचवणं' या शब्दांवर उभी आहे, मग ते बिनतारी असो की तारेनं. सोसायटीचा ग्रुप म्हणजे जनता का, यावर वकील वाद घालू शकतील. काकांच्या पत्नीला मात्र तळमजल्यावरच्या दुकानदारानं ऐकवलं असेल, तर तिच्या दृष्टीनं निकाल लागलेला आहे.

माफीचं म्हणाल तर चेअरमनशी मी अर्धाच सहमत आहे. थकबाकी मागणं हे सेक्रेटरीचं कामच आहे. लिफ्टचं बिल, पाण्याचं बिल, वॉचमनचा पगार हे वेळेवर भरणाऱ्यांच्या पैशातून किती दिवस जाणार? त्याबद्दल माफी मागितलीत तर पुढच्या महिन्यात चार जण आणखी थकवतील. माफी मागायची ती पद्धतीची. आणि ती ग्रुपवर नको, कारण ग्रुपवरची माफी म्हणजे त्यांच्या नावाची दुसरी दवंडी. संध्याकाळी त्यांच्या दारात जा. आत बोलावलं तर बसा, चहा दिला तर घ्या. एवढंच म्हणा: 'काका, मेंटेनन्स विचारणं माझं काम आहे आणि मी विचारणार. पण यादी टाकायच्या आधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं, ते माझं राहिलं. काही अडचण असली तर हप्ते पाडून देऊ, कमिटीत मी बोलते.' पुढे ते काही लागट बोलले तर ऐकून घ्या, उत्तर देऊ नका. वडीलधारा माणूस एकदा बोलून मोकळा झाला की बहुधा दुसऱ्या दिवशी चेक लिहितो. नाही लिहिला तर रीतसर नोटीस आहेच.

पुढच्या वेळी यादी एकत्र टाकूच नका. ज्याची थकबाकी त्याला स्वतंत्र निरोप, बिलाचा महिना आणि रक्कम घालून. ग्रुपवर हवं तर एवढंच: 'अमुक महिन्यापर्यंतची एकूण थकबाकी इतकी आहे, संबंधितांना वेगळं कळवलं आहे.' नावं किती आणि कुठे जाहीर करता येतात हा कायद्याचा भाग आहे. तो उपविधी उघडून आणि उपनिबंधक कार्यालयात विचारून ठरवा, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'नवीन नियम' नावाच्या फॉरवर्डवरून नको.

वापराचं राहिलंच. कार्यक्रम असेल, वाहिनी असेल, किंवा ज्याला त्याला ऐकू जाईल अशी घोषणा असेल तिथे ब्रॉडकास्ट बिनधास्त लिहा: 'द मॅच वॉज ब्रॉडकास्ट लाइव्ह.' स्टेशनवर गाडी रद्द झाल्याची घोषणा होते तेव्हा इंग्रजीत 'अनाउन्स' पुरतं, ब्रॉडकास्ट लागत नाही. वाहिनीच्या नावाआधी 'ऑन' येतो, श्रोत्यांआधी 'टु'. 'ब्रॉडकास्ट अबाउट' असं काही नसतं. फक्त टीव्हीचं असेल तर आपल्याकडे 'टेलिकास्ट' सर्रास चालतो आणि त्यालाही 'एड' न लावलेला बरा. उच्चारताना 'ब्रॉ' तोंड उघडून म्हणा. बोट, कोट, रोड या सगळ्यांत इंग्रजी 'ओए'चा 'ओ' होतो, ब्रॉडमध्ये तेवढा 'ऑ', आणि 'ब्रोडकास्ट' म्हणणारे मोठ्या पगाराचे लोक मी ऐकलेत.

आता धाकटीचा प्रश्न. रोजच्या बोलण्यात स्कॅटर आणि डिस्पर्स जवळजवळ आहेत, तरी एक नाहीत. पिशवी फाटून तांदूळ फरशीभर झाले तर ते स्कॅटर, विखुरले. सभा संपून लोक आपापल्या वाटेनं गेले किंवा पोलिसांनी जमाव पांगवला तर ते डिस्पर्स, आधी एकत्र होतं ते पांगलं. जीवशास्त्रात वाऱ्यानं सावरीच्या म्हाताऱ्या उडतात त्यालाही डिस्पर्सल म्हणतात. भौतिकशास्त्रात मात्र दोन्हींची घरं पूर्ण वेगळी आहेत आणि तिथे अदलाबदल चालत नाही. डिस्पर्शन म्हणजे अपस्करण: पांढरा प्रकाश लोलकातून जातो तेव्हा प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो आणि ते सुटे होतात. स्कॅटरिंग म्हणजे विकिरण: प्रकाश हवेतल्या रेणूंवर, कणांवर आपटून दिशादिशांना जातो, आणि त्यात निळा तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त जातो. सी. व्ही. रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 ला जे दाखवलं तेही विकिरणाच्याच घरातलं, त्यात बाहेर पडणाऱ्या थोड्याशा प्रकाशाचा रंगच बदललेला असतो. 1930 चं नोबेल त्यालाच, आणि तिच्या शाळेतला विज्ञान दिनही त्याच तारखेचा. इंद्रधनुष्याच्या उत्तरात तिनं स्कॅटरिंग लिहिलं तर मार्क जातील. आकाश निळं का दिसतं याला डिस्पर्शन लिहिलं तरीही जातील.